मेंदूच्या पाण्यातील संसर्ग: उपचार आणि प्रतिबंध यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरातून आणि कागल, गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी अशा तालुक्यांतून रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसऱ्या प्रश्नाला भिडतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. औषधांची नावे समजुतीसाठी आहेत, स्वतःहून घेण्यासाठी नाहीत. घरातील रुग्ण या क्षणी तापाने फणफणलेला आणि गुंगीत असेल, तर फक्त प्रश्न ३ वाचावा आणि निघावे.

१. मेंदूच्या पाण्यात संसर्ग होतो म्हणजे नेमके काय होते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन द्रव खेळत असतो. प्रौढ माणसात तो एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो, पण शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करते, म्हणजे तो दिवसातून तीनदा तरी बदलला जातो. रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि प्रथिने भरपूर असतात, तशी या द्रवात नसतात. त्यामुळे जंतू एकदा आत शिरले की त्यांना फारसा विरोध होत नाही आणि ते झपाट्याने वाढतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधील जो पडदा एरवी जंतूंना अडवतो, तोच बहुतेक औषधांनाही अडवतो. म्हणून या आजाराच्या बहुतेक गंभीर प्रकारांत औषधे मोठ्या मात्रेत आणि शिरेतूनच द्यावी लागतात. क्षय सोडला तर गोळ्यांवर भागत नाही.

२. मेंदूज्वर एकच असतो की त्याचे प्रकार असतात?

आपल्याकडे या सगळ्यांना मिळून मेंदूज्वर म्हणतात, पण कारणे वेगळी असतात आणि उपचार पूर्णपणे कारणावर अवलंबून असतात. जिवाणूंमुळे होणारा आजार काही तासांत ते एक-दोन दिवसांत गंभीर होतो. विषाणूंमुळे होणारा बहुतेक वेळा सौम्य असतो (अपवाद प्रश्न ८ मध्ये). क्षयाचा आजार दोन-तीन आठवडे हळूहळू वाढत जातो आणि म्हणूनच फसवतो. बुरशीचा संसर्ग मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होतो. आजार किती दिवसांत वाढला हे नातेवाईकांनी नीट सांगितले, तर निदानाची निम्मी दिशा तेथेच मिळते.

३. कोणती लक्षणे दिसली की वाट पाहू नये?

ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे आणि भान हरपणे ही चार मुख्य लक्षणे आहेत. चारही एकदम दिसतीलच असे नाही. यांपैकी कोणतीही दोन एकत्र दिसली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. उलट्या, उजेड सहन न होणे आणि झटके येणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे. अंगावर जांभळे ठिपके आले आणि काचेचा पारदर्शक पेला दाबून धरला तरी ते फिके पडले नाहीत, तर रक्तातही जंतू पसरल्याची शक्यता असते. सावळ्या त्वचेवर असे ठिपके तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला शोधावेत.

दोन महिन्यांखालील बाळाची मान आखडतेच असे नाही. बाळ अंगावर पीत नाही, सुस्त पडते, किंचाळून रडते, अंग गार पडते किंवा टाळू फुगलेली दिसते, एवढे पुरेसे आहे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले सीपीआर, येथे यावे. गगनबावडा किंवा चंदगडसारख्या दूरच्या ठिकाणाहून निघताना मात्र जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिजैविकाचा पहिला डोस देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. प्रवासात जाणारे दोन तास या आजारात फार मोलाचे असतात.

झटके आले की ‘बाहेरचे काही आहे’ असे समजून आधी देवऋष्याकडे नेण्याची रीत अजूनही काही घरांत आहे. श्रद्धेबद्दल येथे काही म्हणायचे नाही. पण अंगारा लावायचा असेल तर तो रुग्णवाहिकेत लावावा, रुग्णालय लांबवू नये.

४. पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो म्हणतात. आम्ही नकार द्यावा का?

नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वाधिक नुकसानही याच भीतीमुळे होते, म्हणून उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत घातली जाते. तेथे मज्जारज्जू नसतो. द्रवात सैल तरंगणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईच्या टोकापासून सहसा बाजूला सरकतात. एखाद्या वेळी पायात क्षणभर विजेसारखी कळ जाते, ती याच तंतूला स्पर्श झाल्यामुळे. तपासणीसाठी जेवढे पाणी काढतात, साधारण १० ते १५ मिलिलिटर, तेवढे शरीर तासाभरात पुन्हा तयार करते. ‘मेंदू कोरडा पडेल’ ही धास्ती त्यामुळे निराधार आहे.

मग अधू झालेले रुग्ण लोकांनी पाहिलेले असतात, ते कोण? बहुतेक वेळा ते असे रुग्ण असतात ज्यांचा आजार आधीच मेंदूपर्यंत भिनलेला होता आणि तपासणी उशिरा झाली. दुखणे आजाराने दिलेले असते, दोष सुईला लागतो.

या तपासणीचा खरा आणि सहज आढळणारा त्रास म्हणजे नंतरची डोकेदुखी. बसले की ती वाढते, आडवे झाले की कमी होते आणि बहुधा काही दिवसांत थांबते. रक्तस्राव किंवा नवा संसर्ग फार क्वचित होतो. तपासणी टाळली तर मात्र डॉक्टरांना कोणता जंतू आहे हे न कळताच औषधे चालवावी लागतात आणि क्षयासारखा आजार असेल तर ती चूक लक्षात येईपर्यंत आठवडे निघून जातात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शंका जरूर विचाराव्यात, परंतु गावाकडून वडीलधारे येईपर्यंत निर्णय लांबवू नये.

५. मग काही रुग्णांत डॉक्टर स्वतःच पाणी काढायला थांबतात, ते का?

मेंदूवरचा दाब एका बाजूने वाढलेला असेल, तर खालून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. म्हणून भान बरेच हरपलेले असेल, नव्याने झटके आले असतील, एका बाजूची ताकद गेली असेल, डोळ्यांच्या पडद्यावर सूज दिसत असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. डेंग्यूसारख्या आजाराने प्लेटलेट खूप घटल्या असतील किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तरीही तपासणी पुढे ढकलतात. पण तपासणी पुढे ढकलली म्हणून औषध पुढे ढकलायचे नसते. रक्ताचा नमुना घेऊन प्रतिजैविक ताबडतोब सुरू करायचे, स्कॅन नंतर.

६. गावातल्या दवाखान्यात आधीच दोन दिवस इंजेक्शने झाली होती. आता तपासणीचा उपयोग आहे का?

आहे. अर्धवट प्रतिजैविकांमुळे जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत, परंतु पाण्यातील पेशी, प्रथिने आणि साखर यांतील बिघाड बरेच दिवस टिकतो. जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचण्याही साहाय्य करतात. निरोगी पाण्यात पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला पाचपर्यंत आणि साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. जिवाणूंच्या आणि क्षयाच्या संसर्गात ही साखर घटते. आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्याही सोबत आणाव्यात.

७. जिवाणूंच्या मेंदूज्वरावर कोणते उपचार करतात आणि किती दिवस?

प्रौढांत बहुधा सेफ्ट्रिअॅक्सोन दर बारा तासांनी २ ग्रॅम शिरेतून देतात आणि जोडीला व्हॅन्कोमायसिन देतात. वय पन्नाशीच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर लिस्टेरिया या जिवाणूसाठी अॅम्पिसिलिन वाढवतात, कारण सेफ्ट्रिअॅक्सोन त्यावर चालत नाही. कालावधी जंतूनुसार ठरतो: मेनिंगोकॉकसला सुमारे सात दिवस, न्यूमोकॉकसला दहा ते चौदा, लिस्टेरियाला किमान एकवीस. नवजात बाळांत जंतू आणि औषधे दोन्ही वेगळी असतात आणि उपचार दोन ते तीन आठवडे चालतात.

पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी किंवा बरोबरच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करून चार दिवस देतात. ‘स्टेरॉइड’ म्हटले की नातेवाईक बिचकतात. तालमीत चोरून घेतल्या जाणाऱ्या औषधांशी याचा काही संबंध नाही. मेलेले जंतू फुटताना जी सूज येते तिने कानाची आणि मेंदूची हानी होते, ती हे औषध कमी करते.

ताप दोन-तीन दिवसांत उतरला तरी ठरलेला कालावधी पूर्ण करावा लागतो. सूज ओसरते तसा औषधांना अडवणारा पडदा पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत मात्रा पूर्णच ठेवतात आणि इंजेक्शनांऐवजी गोळ्या देऊन लवकर घरी सोडत नाहीत.

८. विषाणूंचा मेंदूज्वर आपोआप बरा होतो, हे खरे का?

एंटेरोव्हायरसमुळे होणारा बहुधा विश्रांती, पाणी आणि वेदनाशामके यांवर आठवडाभरात बरा होतो. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्सने मेंदूलाच सूज आणली, तर मात्र तसे नाही: वागणे अचानक बदलते, बोलणे असंबद्ध होते, झटके येतात. त्यावर असायक्लोव्हिर शिरेतून दोन ते तीन आठवडे द्यावे लागते आणि संशय आला की अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात.

९. पाण्याच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी डॉक्टर टीबीचेच औषध देत आहेत. असे का?

कारण मेंदूच्या क्षयात पाण्यातील जंतूंची संख्या फार थोडी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते अनेकदा दिसत नाहीत. जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट चाचणी अधिक संवेदनशील आहे, तरीही ती ‘नाही’ म्हणाली म्हणजे क्षय नाही असे ठरत नाही. पाण्याचा नमुना जितका जास्त, तितकी जंतू सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून डॉक्टर थोडे जास्त पाणी मागत असतील तर हरकत घेऊ नये. हळूहळू वाढलेला आजार, पाण्यात लिम्फोसाइट पेशी, घटलेली साखर, वाढलेली प्रथिने, स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी सूज, छातीच्या एक्स-रेत खुणा किंवा घरात पूर्वी कोणाला क्षय झालेला असणे, यांवरून एकत्रित निर्णय घेतात. येथे थांबणे हे जादा औषध देण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे असते.

उपचार साधारण वर्षभर चालतात: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, त्यानंतर पायराझिनामाइड वगळून उरलेली. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे स्टेरॉइडही देतात आणि ते हळूहळूच कमी करतात, एकदम बंद करत नाहीत. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये मिळत, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. खासगी रुग्णालयात उपचार चालू असले तरी नोंदणी करून हा लाभ घेता येतो.

रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे होणे, सतत मळमळणे किंवा लाल-हिरवा रंग ओळखता न येणे हे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषध स्वतःहून बंद करू नये. कोणते थांबवायचे आणि कोणते नाही हे ठरवण्यासाठी तपासणी लागते.

१०. टीबीचे औषध सुरू झाल्यावर महिन्याभराने रुग्ण उलट बिघडला. औषध लागू पडत नाही का?

तसे असेलच असे नाही. मरणाऱ्या जंतूंना शरीर जो जोरदार प्रतिसाद देते, त्याने काही आठवड्यांनी ताप, डोकेदुखी किंवा नव्या गाठी दिसू शकतात. दुसरी शक्यता म्हणजे पाण्याचा मार्ग चिकटून डोक्यात पाणी साठणे. त्यासाठी शंट, म्हणजे जादा पाणी वाहून नेणारी नळी, लागू शकतो (प्रश्न १५). तिसरी, जंतू औषधांना दाद न देणारे असणे. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे स्कॅन आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

११. घरातल्यांना लागण होते का? आम्हीही गोळ्या घ्याव्यात का?

मेनिंगोकॉकसचे निदान झाले असेल तरच जवळच्या सर्व सहवासितांना प्रतिबंधक औषध लागते: एकाच घरात झोपणारे, वसतिगृहातील खोलीसोबती, तोंडाला तोंड लावून श्वास देणारे. प्रौढांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा रिफाम्पिसिन दोन दिवस दिले जाते. गरोदर स्त्रीला सेफ्ट्रिअॅक्सोनचे एक इंजेक्शन योग्य ठरते. हे शक्यतो पहिल्या चोवीस तासांत व्हावे. न्यूमोकॉकससाठी अशा औषधांची गरज नसते.

मेंदूचा क्षय स्वतः पसरत नाही, परंतु रुग्णाच्या किंवा घरातील दुसऱ्या कोणाच्या फुफ्फुसात क्षय असू शकतो. म्हणून सर्वांची तपासणी करून घ्यावी, विशेषतः लहान मुलांची. लहान मुलाला मेंदूचा क्षय झाला असेल, तर त्याला तो बहुधा घरातल्याच खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून मिळालेला असतो.

१२. कोणत्या लसी घ्याव्यात?

सरकारी लसीकरणात जन्मतः बीसीजी मिळते. ती मुलांना मेंदूच्या क्षयापासून बऱ्याच प्रमाणात वाचवते, मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तेवढी नाही. पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. तिच्यात हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूविरुद्धचा अंश असतो. न्यूमोकॉकसची लस ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. या सर्व अंगणवाडीत, उपकेंद्रावर किंवा नागरी आरोग्य केंद्रात मोफत आहेत.

मेनिंगोकॉकसची लस या वेळापत्रकात नाही. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला चार गटांविरुद्धची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्लीहा काढायची असेल, तर शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तिन्हींच्या लसी घ्याव्यात.

१३. आम्ही रोज दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पितो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेऊन पेला तोंडाला लावणे ही कोल्हापूरची जुनी आवड आहे आणि पैलवानांच्या खुराकात तिला मान आहे. परंतु न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि जनावरांच्या क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. म्हैस धडधाकट दिसली तरी ब्रुसेला तिच्या दुधात असू शकतो. ब्रुसेला मेंदूच्या पाण्यात शिरला की आजार क्षयासारखाच संथ चालतो आणि क्षय समजून उपचार होण्याची भीती असते. त्याची औषधे वेगळी असून कित्येक महिने घ्यावी लागतात. लिस्टेरिया गरोदर स्त्रिया, नवजात बाळे आणि वृद्ध यांना विशेष घातक ठरतो.

दूध उकळले की हे तिन्ही जंतू मरतात आणि ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आवड जपायची असेल तर दूध कट्ट्यावरून आणावे आणि घरी उकळून प्यावे; गरोदर स्त्रीने आणि लहान मुलाने तर कच्चे दूध मुळीच घेऊ नये. गोठ्यात काम करणाऱ्यांनी रेंगाळलेल्या तापात ‘आमच्याकडे जनावरे आहेत, एका म्हशीचा गर्भ गळाला होता’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे.

१४. विहिरीत किंवा तळ्यात पोहल्याने मेंदू खाणारा अमिबा होतो का?

नेग्लेरिया हा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहतो आणि फक्त नाकावाटे मेंदूत जातो. पाणी पिऊन होत नाही. आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक रुग्ण दगावतात. उन्हाळ्यात उथळ, गढूळ पाण्यात सूर मारू नये, नाकाला चिमटा लावावा आणि जलनेतीसाठी उकळून गार केलेलेच पाणी वापरावे. पोहल्यानंतर काही दिवसांत ताप आणि तीव्र डोकेदुखी झाली, तर पोहल्याचे आवर्जून सांगावे. पंचगंगेच्या पुरानंतर चिखलात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसमुळेही मेंदूच्या आवरणांना सूज येऊ शकते.

१५. मुलाला शंट बसवला आहे. संसर्ग झाला हे कसे ओळखावे? नळी काढावीच लागते का?

शंट म्हणजे डोक्यातील जादा पाणी त्वचेखालून पोटात नेणारी नळी. शंभरातील पाच ते पंधरा शस्त्रक्रियांनंतर संसर्ग होतो आणि बहुतेक वेळा तो पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. ताप, उलट्या, चिडचिड, सुस्ती, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज आणि पोटदुखी ही लक्षणे आहेत. जंतू बहुधा त्वचेवरचे सौम्य स्टॅफिलोकॉकस असल्याने ताप अगदी किरकोळ असू शकतो आणि मान आखडतही नाही. शंट असलेल्या मुलाचा ताप म्हणूनच ‘सर्दीचा’ म्हणून सोडून देऊ नये.

हे जंतू नळीवर चिकट थर धरतात आणि त्याखाली औषध पोहोचत नाही. त्यामुळे बहुतेक वेळा नळी काढून, तात्पुरती बाहेरची नळी बसवून, शिरेतून प्रतिजैविके देतात आणि पाणी निर्जंतुक झाल्यावर नवा शंट बसवतात. केवळ औषधांवर नळी वाचवण्याचे प्रयत्न बहुधा फसतात. काही हट्टी जंतूंसाठी औषध थेट मेंदूच्या पोकळीत सोडावे लागते.

बाहेरची नळी असताना नातेवाईकांनी खाटेची उंची किंवा पिशवी स्वतः हलवू नये आणि जोड उघडू नयेत. नळी जितक्या वेळा उघडली जाईल तितका संसर्गाचा धोका वाढतो. प्रतिजैविक भिनवलेल्या शंटबद्दल शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १,६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या नळीत सुमारे ६ टक्के, तर अशा नळीत सुमारे २ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

१६. अपघातानंतर नाकातून सतत पाणी गळते. सर्दी समजावी का?

डोक्याला मार लागल्यावर एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर वाढणारे, पातळ आणि खारट पाणी गळत असेल, तर कवटीच्या तळाला भेग पडून मेंदूचे पाणी येत असण्याची शक्यता धरावी. नाक शिंकरू नये, नाकात कापूस कोंबू नये, उशाशी उंच घेऊन झोपावे आणि न्यूरोसर्जनला दाखवावे. गळती बहुतेक वेळा आठवडाभरात थांबते. न थांबल्यास शस्त्रक्रिया करून ती बुजवतात. संसर्ग नसताना नुसती खबरदारी म्हणून दिलेल्या प्रतिजैविकांचा फायदा सिद्ध झालेला नाही, न्यूमोकॉकसची लस मात्र घ्यावी. हेल्मेटबद्दल वेगळे सांगायला नको.

१७. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनाने मेंदूज्वर होतो का?

फार क्वचित होतो आणि तो मुख्यतः इंजेक्शन देणाऱ्याच्या तोंडातील जंतूंमुळे. मास्क आणि निर्जंतुक हातमोजे वापरले की तो टाळता येतो. नंतरची साधी डोकेदुखी प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे आडवे झाल्यावर कमी होते. डोकेदुखीबरोबर ताप आला किंवा ती आडवे होऊनही थांबली नाही, तर लगेच दाखवावे.

१८. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने काय लक्षात ठेवावे?

प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी फार घटलेल्या असताना दोन-तीन आठवडे टिकलेली डोकेदुखी क्रिप्टोकॉकस बुरशीची असू शकते. अॅम्फोटेरिसिन, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल या औषधांइतकाच येथे वाढलेला दाब कमी करण्यासाठी वारंवार पाणी काढण्याचा उपयोग होतो. हे उपचार आहेत, तपासणीची पुनरावृत्ती नव्हे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरुद्धची औषधे, पूर्वी सुरू नसेल, तर ती चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात, लगेच नाही.

१९. बरे झाल्यावर काय करावे? आजार पुन्हा झाला तर?

जिवाणूंच्या मेंदूज्वरानंतर प्रत्येकाची, विशेषतः मुलांची, श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी किंवा चार आठवड्यांच्या आत करावी. ऐकणे गेले असेल तर कानाच्या शंखात हळूहळू हाड भरू लागते आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवायचे यंत्र, बसवणे अवघड होऊन बसते, म्हणून ‘मूल अजून लहान आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये.

आजार दुसऱ्यांदा झाला तर तो नशिबाचा भाग मानू नये. कवटीतील लपलेली भेग (प्रश्न १६), कानाची जन्मजात रचना, वर्षानुवर्षे वाहणारा कान किंवा प्रतिकारशक्तीतील दोष शोधावाच लागतो. वाहत्या कानात गरम तेल सोडू नये. पडद्याआड सडत गेलेले हाड मेंदूच्या आवरणापासून फार दूर नसते, आणि त्यावरचे उपचार कान-नाक-घसातज्ज्ञाकडे होतात.